‘मला आवडत नाही’ म्हणणाऱ्या बायका

सप्रेम आशीर्वाद.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाहणीसाठी केलेली तुझी प्रश्नावली मिळाली. बरीच मेहनत घेतली आहेस. पण आईच्या आहाराच्या रकान्यात ‘काल घरात काय शिजलं?’ असा प्रश्न घातला आहेस, तो तेवढा तिथून काढ. शिजतं ते सगळ्या घरासाठी. त्यातलं तिच्या ताटात काय पडलं, हे तुला शोधायचं आहे.

उडदाची आमटी घे. माणसं सहा, डाळ दोन मुठी, बाकी पाणी आणि मिरची. पळी तळापासून ढवळून आधी पोरांना, मग नवऱ्याला, सासऱ्याला, सासूला. तिची पाळी येईपर्यंत डाळ संपलेली असते, उरतं ते तिखट पाणी. ‘डाळ खाल्ली?’ म्हणून विचारलंस तर ती ‘हो’ म्हणेल, आणि त्यात खोटं काही नाही. तू मात्र एक वाटी डाळ लिहिशील आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं तिच्या नावावर मांडशील, जी तिच्या पोटात गेलेलीच नाहीत. म्हणून चोवीस तासांचा आहार लिहिताना तिचीच वाटी मागून घे, ती कुठवर भरते ते पाणी ओतून तिलाच दाखवायला सांग. कोणाला आधी वाढलं, तळाची डाळ कोणाला गेली, खरवड कोणी खाल्ली, तेही विचार. कागदावर जागा नसली तर समासात लिही.

आता ‘मला आवडत नाही’बद्दल. अंडं आवडत नाही, दूध आवडत नाही, सुकट नको वाटते, सकाळी भूकच लागत नाही, असं बायका तुला सांगतील. काही खरंच सांगत असतील. पण ज्या घरात सुकट मूठभरच आहे तिथे आईला ती नेमकी आवडत नसते, हा योगायोग मला फार घरांत दिसला आहे. गरोदरपणात जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं, असं सांगणारी सासूही भेटेल. तिला लगेच अंधश्रद्धेच्या खात्यात टाकू नकोस. आधी घरातली धान्याची कणगी बघ. पुष्कळदा नसण्यालाच पथ्याचं नाव दिलेलं असतं, त्यात घराची अब्रू राहते.

रेशनचा हिशेब तू केला आहेस, पण अर्धाच. अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘प्राधान्य’ कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. लोह न मिसळलेला साधा तांदूळ असेल तर कॅलरी होतात 580च्या आसपास, आणि लोह मिळतं सुमारे 1 मिलिग्रॅम. गरोदर बाईची गरज आहे दिवसाला 27 मिलिग्रॅमची. नागलीत, म्हणजे नाचणीत, 100 ग्रॅमला कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. त्यामुळे भाकरीच्या जागी रेशनचा भात आला की पोट भरतं, ‘उपाशी झोपलात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळतं, रक्त मात्र कमीच राहतं आणि हाडंही कच्ची राहतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत तो 48 टक्के होता.

लोहाची लाल गोळी खात नाहीत म्हणून बायकांना बोल लावणारे पुष्कळ भेटतील. सकाळी कोऱ्या चहावर असलेल्या बाईने ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि वर चहा प्यायली की लोह नीट शोषलंच जात नाही. सल्ला द्यायचाच तर जेवणानंतर घे, लिंबू पिळ, चहा लांब ठेव, एवढाच दे.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे हा भाग राज्याला माहीत झाला. तेव्हापासून इथे मुलं तोलली जातात, आणि ते व्हायलाच हवं. आईकडे मात्र पोटात मूल असेपर्यंतच लक्ष असतं, असं माझं मत आहे. बाळंतीण झाल्यावर पहिले सहा महिने तिला रोज 600 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणातल्या जादा गरजेहूनही जास्त. ती कमी खाते तरी दूध येतंच, आणि त्यातलं कॅल्शियम ती आपल्या हाडांतून पुरवते. अ जीवनसत्त्व, बी-12, आयोडीन यांचं तसं नाही. ते तिच्या आहारात नसतील तर दुधातही कमी उतरतात. बाळ पितंय ना, मग आई बरी आहे, हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नकोस.

पाहणी डिसेंबरात ठेवली आहेस. तेव्हा भात घरात आलेला असतो, आणि सगळ्यात अडलेली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली असतात. राहतात ती त्यातल्या त्यात बरी घरं. निदान निम्मी घरं श्रावणात पुन्हा बघ. तेव्हा कणगी तळाला गेलेली असते, मात्र टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या निघालेल्या असतात. धान्य कमी आणि पाला जास्त, असं उलटंपालटं चित्र दिसलं तर आकडे चुकले म्हणून खोडू नकोस.

प्रत्येक घरी एक काम मात्र कर. रेशनकार्ड मागून त्यावर सुनेचं नाव आहे का ते बघ. बऱ्याचदा ते अजून माहेरच्या कार्डावरच असतं. म्हणजे घरात खाणारं माणूस वाढलेलं असतं आणि तिच्या वाट्याचं धान्य येतच नाही, तेही नेमकं पहिल्या गरोदरपणात. कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली वडीलधारी बाई असते, म्हणून सासूलाही त्या बोलण्यात घे. जेवणाचे प्रश्न मात्र सुनेला एकटीलाच विचार. विहिरीवर चाललेली असेल तर तिच्याबरोबर जा.

अंगणवाडीतला अमृत आहार, म्हणजे गरोदर आणि बाळंतिणींसाठीचं सरकारी जेवण, डब्यात भरून घरी नेणाऱ्या बाया दिसतील. त्यातलं अंडं थोरल्या पोराच्या तोंडात जातं. ‘योजनेचा गैरवापर’ असा रकाना केला आहेस, तो काढ. त्याऐवजी ‘तिथेच जेवली की घरी नेलं?’ एवढंच विचार.

श्रावणातल्या फेरीला पैसे पुरणार नाहीत म्हणशील. मग घरं कमी कर, पण फेरी गाळू नकोस. दुरुस्त केलेली प्रश्नावली पंधरा तारखेच्या आत पाठव, नंतर मी गावी जाणार आहे.

तुझी,
ताई