वाचकांचे प्रश्न : अभ्यासक्रम एकच, मग फरक कुठे?

प्रश्न : माझ्या मुलीपुढे एमबीबीएससाठी दोन पर्याय आहेत : जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय महाविद्यालय आणि एक अभिमत विद्यापीठ. अभिमत विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत ‘आधुनिक, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम’ असे ठळक छापले आहे. नागपूरच्या एम्समध्ये शिकणारा माझा भाचा म्हणतो की, त्यांचा अभ्यासक्रम वेगळाच असतो. दोन्ही ठिकाणच्या अभ्यासक्रमांची तुलना कशी करावी? – एक पालक, परभणी

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे निराधार नाही. एम्स ही संस्था स्वतःच्या कायद्यानुसार चालते आणि आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते. अभिमत विद्यापीठांना मात्र वैद्यकीय शिक्षणात तशी मोकळीक नाही. त्यांना विद्यापीठाचा दर्जा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली मिळतो (योगायोग असा की, एम्सचा आणि हा, असे दोन्ही कायदे १९५६ चेच), पण एमबीबीएसला काय शिकवायचे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. पुस्तिकेत मिरवलेला क्षमताधिष्ठित (म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा) अभ्यासक्रम २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर लागू झाला असून, आपल्या जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयातही तोच शिकवला जातो. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. यात कुठेच फरक नाही. तेव्हा पुस्तिका शेजारी ठेवून तुलना करण्यात वेळ घालवू नये.

परीक्षेत थोडा फरक आहे. राज्यातील शासकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे एकच प्रश्नपत्रिका अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थी सोडवतात, तर अभिमत विद्यापीठ आपल्याच विद्यार्थ्यांची परीक्षा घेते. बाहेरचे परीक्षक दोन्हीकडे येतात.

खरा फरक वॉर्डात आहे. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक कौशल्याची पायरी ठरवलेली आहे : विद्यार्थ्याला ते नुसते माहीत असावे, करून दाखवता यावे, की कोणाच्या मदतीशिवाय करता यावे. शिरेतून रक्त काढणे हे शेवटच्या पायरीवरचे कौशल्य आहे आणि ते लॉगबुकमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत, शिक्षकाच्या सहीनिशी नोंदवावे लागते. आता कागदावर सही सगळीकडे सारखीच दिसते. पण एका ठिकाणी त्या सहीमागे तापाने फणफणलेला, शीर सापडू न देणारा रुग्ण असतो, तर दुसरीकडे प्लास्टिकचा हात असतो. सुरुवातीच्या सरावाला प्लास्टिकचा हात उत्तमच, माझा त्याला विरोध नाही. मात्र तो हात मागे घेत नाही, की ‘डॉक्टर, दुखतंय’ असेही म्हणत नाही.

एकच विद्यापीठ आणि एकच अभ्यासक्रम असूनही महाविद्यालये किती वेगळी असू शकतात, हे पाहायचे असेल तर सेवाग्रामचे उदाहरण घ्यावे. १९६९ मध्ये सुरू झालेले तिथले महाविद्यालय नाशिकच्याच विद्यापीठाशी संलग्न आहे, पण तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी त्या गावात मुक्काम करून घराघरांत फिरतात. विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेण्याची योजना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभर आणली ती बरीच नंतर.

म्हणून आपण दोन्ही रुग्णालयांना सूचना न देता, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास भेट द्यावी, असे सुचवतो. ओपीडीसमोरची रांग पाहावी, मेडिसिनच्या वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत आणि एका रुग्णाभोवती किती विद्यार्थी उभे आहेत ते मोजावे. शासकीय रुग्णालयात गर्दी असेल, भिंतींचे पोपडे निघालेले असतील, कदाचित शिकवायला प्राध्यापकही कमी असतील. ही शेवटची उणीव मात्र गंभीर समजावी, कारण रुग्ण आहेत आणि शिकवणारा नाही, तर विद्यार्थी चुकीच्या सवयी लावून घेतो. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज विचारावे, “लॉगबुक रोजच्या रोज भरता, की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत?” तो काय सांगतो यापेक्षा सांगण्याआधी शेजारच्या मित्राकडे पाहून हसतो का, याकडे लक्ष ठेवावे.