सपोर्टला ७७७ मारू देऊ नका, आधी एरर लॉग बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. तुमचं सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) अपग्रेड झालं, पॅनेल उघडतंय, मेल चालू आहेत, पण काही साइटवर ५०० (सर्व्हरची अंतर्गत एरर) आणि एका साइटवर पान उघडायच्या ऐवजी 'इंडेक्स डॉट पीएचपी' डाउनलोड होतेय. वर सपोर्टवाले म्हणतायत, "परमिशनचा इश्यू आहे, सगळीकडे ७७७ करून देतो." ७७७ म्हणजे कुणालाही वाचता, लिहिता, चालवता येईल अशी परवानगी. हो म्हटलं नसेल तर म्हणू नका.

माझ्या होस्टिंग कंपनीच्या सपोर्टने (नाव घेत नाही) न विचारताच हे केलं होतं. आधी "कॅशे क्लिअर करा", मग "दुसऱ्या ब्राउझरवर बघा". शिफ्ट बदलली की नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळी कहाणी पुन्हा. शेवटी त्यांच्यातल्या एकाने आख्ख्या होम डिरेक्टरीवर (अकाउंटच्या मुख्य फोल्डरवर) रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइल-फोल्डरसकट, ७७७ मारलं. परिणाम काय? ज्या साइट धड चालत होत्या त्याही ५०० द्यायला लागल्या. सर्व्हरवर पीएचपी एसयूपीएचपीमधून (साइटच्या मालकाच्या नावाने पीएचपी चालवणाऱ्या मॉड्यूलमधून) चालत होतं, आणि ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येईल अशा फोल्डरमधली फाइल एसयूपीएचपी चालवतच नाही. लॉगमध्ये स्वच्छ लिहून येत होतं, 'डिरेक्टरी इज रायटेबल बाय ग्रुप'. तो लॉग त्यांनी उघडलाच नव्हता. पासवर्डऐवजी की-फाइल वापरून होणारं एसएसएच (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायचं) लॉगिनही बंद पडलं, कारण होम फोल्डर इतका उघडा असला की एसएसएच ती की मानत नाही. होममधल्या 'ईटीसी' फोल्डरात मेल पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात, तेही उघड्यावर. हे सगळं झाल्यावर तिकीट बंद, शेरा काय तर "तुमच्या डेव्हलपरला विचारा". मूळ बिघाड परमिशनचा नव्हताच.

तुमचाही नसावा. अर्थात सर्व्हर न बघता बोलतोय, तेव्हा खात्री देत नाही. पण फाइल डाउनलोड होणं म्हणजे बहुतेक वेळा हँडलरची, म्हणजे पीएचपी फाइल कुणी चालवायची हे ठरवणाऱ्या सेटिंगची भानगड. त्या साइटची सेटिंगची फाइल डॉट एचटीअ‍ॅक्सेस उघडा. तळाशी सीपॅनेलने टाकलेली अ‍ॅडहँडलरची ओळ असेल, तिच्यात ईए-पीएचपी७४ (पीएचपी ७.४) किंवा असलंच एखादं जुनं व्हर्जन दिसेल. अपग्रेडमध्ये ते व्हर्जन निघून गेलं असेल, तर ही फाइल चालवायची कुणी हे अपाचेला (वेब सर्व्हरला) कळत नाही आणि तो ती जशीच्या तशी ब्राउझरला देऊन टाकतो. सीपॅनेलच्या मल्टीपीएचपी मॅनेजरमधून सर्व्हरवर असलेलं व्हर्जन निवडा, ओळ आपोआप बदलते. सबफोल्डरमध्ये कुणी हाताने चिकटवलेल्या ओळी मात्र बदलत नाहीत, त्या शोधून काढाव्या लागतात. आणि हो, त्या काळात तुमची कॉन्फिग फाइलही अशीच डाउनलोड होऊ शकत होती. तिच्यात असलेला डेटाबेसचा पासवर्ड आजच बदला.

५०० वाल्या साइटसाठी सीपॅनेलच्या मेट्रिक्समधलं 'एरर्स' (एरर लॉग) उघडा. 'इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू' दिसलं तर ती ओळ डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधून काढून तेच सेटिंग पीएचपीच्या आयएनआय एडिटरमध्ये टाका. 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' दिसलं तर एक तर पीएचपीचं एखादं एक्स्टेन्शन (जोडभाग) राहिलंय, नाहीतर कोड जुना आहे. उदाहरणार्थ 'ईच' हे फंक्शन पीएचपी ८.० मध्ये काढून टाकलंय. तिथे सपोर्टला दोष देऊ नका, मी देणार नाही.

बरोबर मायएसक्यूएलही (डेटाबेस सर्व्हर) ५.७ वरून ८.० वर गेलं असेल आणि सुरूच होत नसेल, तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये, माय डॉट सीएनएफमध्ये, क्वेरी कॅशेच्या (आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवायच्या सोयीच्या) ओळी शोधा. ८.० मध्ये ती सोयच उरली नाही, त्यामुळे ती ओळ दिसताच सर्व्हर उठायला नकार देतो. "डाउनग्रेड करून देतो" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ८.० वरून ५.७ ला सरळ मागे येता येत नाही, अपग्रेडच्या आधीचा बॅकअप लागतो.

७७७ आधीच मारून झालं असेल तर पब्लिक एचटीएमएलच्या (साइटच्या फाइलींच्या मुख्य फोल्डरच्या) आतले फोल्डर ७५५, फाइल ६४४, कॉन्फिग ६००. खुद्द पब्लिक एचटीएमएल ७५०, ग्रुप 'नोबडी' (वेब सर्व्हरचा). सीजीआय स्क्रिप्टना (सर्व्हरवर थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमना) मात्र ७५५ लागतं, नाहीतर त्या मरतील. मेल आणि ईटीसी फोल्डरना याच मापात बसवू नका, ते रूट (सर्व्हरचा पूर्ण अधिकार) असलेल्या माणसाकडून नीट करून घ्या.

यापुढे सर्व्हरला कुणी हात लावायच्या आधी 'गेटएफएसीएल' (परमिशन दाखवणारी कमांड) रिकर्सिव्ह चालवून निकाल एका फाइलमध्ये ठेवा. 'सेटएफएसीएल'चा रिस्टोअर पर्याय वापरून सगळ्या परमिशन होत्या तशा परत आणता येतात. सपोर्टशी बोलणंही तिकिटातच ठेवा. चॅटवर कुणी काय कबूल केलं ते पुढच्या शिफ्टला माहीत नसतं.

'एरर्स'मधल्या शेवटच्या पाच-दहा ओळी इथे टाका, युजरनेम आणि डोमेन खोडून. पीएचपी एफपीएमवर (पीएचपी चालवायची दुसरी पद्धत) आहे की एसयूपीएचपीवर, तेही लिहा. त्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.