व्हेरिकोज व्हेन्सच्या ऑपरेशनआधी शिरांचा नकाशा का काढतात? फुगलेली शीर तर डोळ्यांना दिसतेच ना?

दिसते ती शीर. बिघाड बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

पायाच्या खोल शिरा स्नायूंमधून जातात आणि बहुतांश रक्त त्याच वर नेतात. कातडीखाली दोन मुख्य शिरा: घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी ग्रेट सॅफेनस आणि पोटरीमागची स्मॉल सॅफेनस. कातडीखालच्या शिरा खोल शिरांना जोडतात त्या परफोरेटर शिरा. रक्त खाली उलटू नये म्हणून आत झडपा असतात. जांघेतली झडप निकामी झाली की गाठी उमटतात पोटरीवर. नुसत्या गाठी काढल्या आणि वरची गळती तशीच राहिली, तर त्रास परतण्याची शक्यता खूप.

त्यातून रचना प्रत्येकाची वेगळी. स्मॉल सॅफेनस खोल शिरेला कुठे मिळते ते माणसागणिक बदलतं, त्यामुळे तिथे अंदाजाने चिरा देणं चुकीचंच. शिवाय तिच्या शेजारून सुरल नर्व्ह जाते, आणि गुडघ्याखाली ग्रेट सॅफेनसला सॅफेनस नर्व्ह अगदी खेटून असते. म्हणून गुडघ्याखाली शीर ओढून काढताना किंवा लेझर करताना सर्जन हात आखडता घेतात. मज्जातंतू दुखावला तर पायाचा काही भाग बधिर होऊ शकतो.

हा नकाशा डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने काढतात. ती शक्यतो उभं राहून करून घ्या. पोटरी दाबून सोडल्यावर कातडीखालच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप निकामी मानतात. खोल शिराही त्याच वेळी तपासतात. तिथे जुन्या गुठळीने रस्ता बंद असेल, तर फुगलेली शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते, आणि ती काढणं महागात पडतं.