चुकाऱ्याचे पैसे हायड्रोजनमध्ये घालावेत का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात सहा एकर वावर आहे. कापसाचे चुकारे आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळून ८ लाख बँकेत आहेत. एक कंपनीवाला तेवढ्यात १० किलोवॅटचं सोलर, पाण्यातून हायड्रोजन काढायचं यंत्र आणि टाकी बसवून देतो म्हणतो. गॅस तेच घेणार, महिन्याला १५ हजार खात्यात. मुलगा म्हणतो, उद्याचं इंधन हेच. सोमवारी ५१ हजार टोकन द्यायचं आहे. ट्रॅक्टरचे २ लाख खासगी फायनान्सचे बाकी आहेत, १६ टक्क्यांनी.

उत्तर : भाऊ, मुलगा चुकीचं बोलत नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. पण हा गॅस लागतो खत कारखान्यांना, रिफायनऱ्यांना, पुढे पोलादाला. तुमच्या धुऱ्यावर त्याचा हिशेब कसा बसतो, ते त्या माणसाच्याच आकड्यांनी बघू.

१० किलोवॅटचं सोलर आपल्याकडे सरासरी दिवसाला ४० युनिट देतं. एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५५ युनिट लागतात. म्हणजे दिवसाला पाऊण किलोही नाही, महिन्याला फार तर २२ किलो. १५ हजार भागिले २२, किलोला ६८० रुपये. रिफायनऱ्यांच्या मोठ्या निविदांत २०२५ मध्येच हाच गॅस ४०० च्या आत मिळाला. मग दारव्ह्याच्या वावरातून गाडी लावून ६८० ने कोण नेणार? हे पैसे गॅसमधून निघत नसतील, तर तुमच्यामागून सही करणाऱ्याच्या ८ लाखांतून निघतील. तो मिळायचा थांबला की तुमचा हप्ताही थांबेल.

माझ्या मामाने अशीच रतनजोत लावली होती. डिझेल झाडावर पिकणार होतं, बियाही तेच घेणार होते. बिया पोत्यात किडल्या, घेणारा फिरकला नाही.

टाकीचं तर वेगळंच आहे. सुटा कापूस घरात टाकला की खोली भरते, जिनिंगमध्ये दाबला की त्याची गाठ होते. हायड्रोजन त्याहून सुटा : एक किलोला साध्या दाबात १२ हजार लिटर जागा लागते, पाण्याचा मोठा टँकरच म्हणा. म्हणून तो हवेच्या ३५० पट दाबाने भरतात. दाबायलाही वीज जाते. साध्या पोलादात तो शिरून त्याला ठिसूळ करतो, बारीक फटीतून निसटतो, आणि पेटला तर भर दुपारी ज्योत धड दिसत नाही. अशी टाकी गोठ्याशेजारी कुणी बसवत नाही. दाबाच्या टाक्यांचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिथे विचारायला एक दिवस जाईल.

"घरच्या चुलीलाही होईल" असंही तो म्हणेल. १४.२ किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता हायड्रोजनमधून काढायला ३०० युनिट लागतात. तोच स्वयंपाक इंडक्शनवर १३० युनिटांत होतो.

आता तुमच्या पैशाचं. आधी ट्रॅक्टरचे २ लाख फेडा. वर्षाला ३२ हजारांपर्यंत व्याज वाचतं, आणि त्यात जोखीम शून्य. मुदतीआधी बंद करायचा दंड किती, ते मात्र लेखी घ्या. पीककर्जाला हात लावू नका. ३ लाखांपर्यंत वेळेत भरलं तर व्याज पडतच नाही. ओलिताचा वांधा असेल तर सौर कृषी पंपाला अर्ज करा, तुमचा हिस्सा १० टक्के. दीड लाख खरिपाच्या बी-खताला आणि दवाखान्याला बचत खात्यात राहू द्या.

दंड आणि पंपाच्या हिश्श्यासाठी ५० हजार सोडून उरलेले ४ लाख पोस्टाच्या मासिक योजनेत. सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,४६६ रुपये येतील. १५ हजारांपुढे हे चिल्लर वाटणार, ठाऊक आहे. जास्त व्याजासाठी गावच्या पतसंस्थेत टाकायचा मोह होईल; तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं.

सोमवारी तो आला की टोकनआधी दोन कागद मागा : टाकीचा परवाना, आणि गॅस शेवटी कुठला कारखाना घेणार त्याचा करार. "नंतर देतो" म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. त्या वेळी मुलाला शेजारी बसवा, कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात द्या.