स्टॅबिलायझिंग आणि कास्टिंग: एकाच भांड्यात दोन्ही भागवू नका

ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये पेन ब्लँक (ज्यातून पेन कातून काढतात तो ठोकळा) आणि सुरीच्या मुठी करायच्या आहेत, तर व्हॅक्यूम चेंबर (हवा ओढून घ्यायचं भांडं) घ्यावा, प्रेशर पॉट (हवा दाबून भरायचं भांडं) घ्यावा, की एकातच दोन्ही भागेल, असं तुम्ही विचारलंय. एकात भागवू नका. स्टॅबिलायझिंगला, म्हणजे भुसभुशीत लाकडात रेझिन मुरवायला, व्हॅक्यूम लागतो आणि कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या रेझिनमधले बुडबुडे दाबायला, प्रेशर. व्हॅक्यूम चेंबरचं ॲक्रिलिकचं झाकण बाहेरच्या हवेच्या दाबावरच बसलेलं असतं, त्याला बोल्ट नसतात. त्याला चुकूनही कॉम्प्रेसर जोडू नका. ९ इंच व्यासाच्या झाकणावर ५० पीएसआयला (दर चौरस इंचावर ५० पौंड दाब) जवळपास १,४५० किलोचा जोर येतो.

व्हॅक्यूम पंप एसी मेकॅनिक वापरतात तोच घ्या: टू-स्टेज, तेलावर चालणारा, ३ ते ५ सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो). पाच-दहा लिटरच्या चेंबरला याहून मोठ्याची गरज नाही. सीएफएमवरून हवा किती भरभर ओढली जाईल एवढंच कळतं. व्हॅक्यूम किती खोल जाईल, हे पंपाच्या अंतिम व्हॅक्यूमवर आणि तुमच्या सांध्यांच्या गळतीवर ठरतं. रिकामा चेंबर पूर्ण ओढा, आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप, आणि तासाभराने काटा बघा. तो २९ इंचांच्या (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूम मोजायचं माप) आसपास टिकला पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचाच दाब कमी असतो, त्यामुळे काटा दोन-तीन दशांश अलीकडे थांबला तर पंपाला दोष देऊ नका.

खरी गडबड ओलाव्याची. २९ इंच व्हॅक्यूमला पाणी साधारण २५ अंशांनाच उकळतं, आणि आपल्या खोल्या त्याहून गरम. लाकूड ओलसर असेल तर बुडबुडे थांबतच नाहीत. हवा निघतेय की वाफ, कळत नाही. तीच वाफ पंपात जाऊन तेल दुधाळ होतं. तसं दिसलं की तेल लगेच बदला. म्हणून लाकूड ओटीजीत १०५ अंशांवर निदान २४ तास ठेवा, वजन घटायचं थांबेपर्यंत. मग झिपलॉक पिशवीत बंद करूनच गार करा; पावसाळ्यात उघडं ठेवलं तर ते पुन्हा ओलावा धरतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय रेझिनमध्ये बुडवू नका, स्टॅबिलायझिंगचं रेझिन उष्णतेनेच आळतं. हा ओटीजी स्वयंपाकाला पुन्हा वापरायचा नाही.

लाकूड तरंगतं, त्यावर वजन ठेवा. रेझिन दोन इंच वर असू द्या आणि फेसासाठी वर भरपूर जागा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नाहीतर फेस थेट पंपात जातो. बुडबुडे थांबायला कित्येक तास लागतात. पण रेझिन आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरची हवा ढकलते तेव्हा. बरेच जण इथेच घाई करतात. ओढायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तुकडे बुडालेलेच ठेवा. नंतर रेझिन आळावं म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून ओटीजीत ९०-९५ अंशांवर तापवा, गाभ्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर. आंबा यासाठी उत्तम, कुजायला लागून काळ्या रेघा पडलेला तर फारच सुंदर निघतो. साग तेलकट आणि शिसम घट्ट. त्यांच्यावर रेझिन वाया घालवू नका.

कास्टिंगला प्रेशर पॉट म्हणून १० लिटरचा पेंट टँक (रंग फवारायचा दाबाचा टँक) चालतो. ५० पीएसआयला बुडबुड्याचं आकारमान साधारण ४.४ पटीने कमी होतं, म्हणून डोळ्याला दिसत नाही. दाब रेझिन कडक होईपर्यंत टिकला पाहिजे, मध्येच उतरला तर बुडबुडे परत फुगतात. पॉलीयुरेथेन हे कास्टिंगचं रेझिन काही मिनिटांतच आळतं, त्याला व्हॅक्यूम लावलात तर फुगलेले बुडबुडे तसेच गोठतात. शिवाय ओलावा लागला की ते स्वतःच गॅस सोडून फेसाळतं, तेव्हा हायब्रिड (अर्धं लाकूड, अर्धं रेझिन) ब्लँकमधलं लाकूडही कोरडंठाकच हवं. सिलिकॉनचा साचाही दाबाखालीच बनवा, नाहीतर त्यात अडकलेली हवा दबते आणि ब्लँकवर फोड उठतात.

कॉम्प्रेसर छोटा, २४ लिटरचा ऑइल-फ्री पुरे, पण मध्ये पाणी अडवणारा फिल्टर आणि रेग्युलेटर लावा. टँक ६० पीएसआयचा असेल तर ५० च्या वर जाऊ नका आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधी काढू नका. सेकंडहँड टँक असेल तर वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून ९० पीएसआयला हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घ्या. टेस्ट पाण्यानेच करायला सांगा, हवेने नाही: पाणी भरलेला टँक तडकला तर नुसता गळतो, हवा भरलेला फुटतो.

पैसे एकाच यंत्रापुरते असतील आणि मुठी आधी करायच्या असतील, तर व्हॅक्यूमपासून सुरुवात करा.