टर्बो लावलेल्या ड्रिफ्ट गाडीत इंटरकूलर कुठे बसवावा? समोर बसवला तर पाइप लांब होऊन लॅग वाढतो, हे खरं आहे का?

समोर बसवा. (इंटरकूलर म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, आणि ड्रिफ्ट म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवणं.)

आता लॅगचं, म्हणजे पेडल दाबल्यापासून टर्बोचा जोर येईपर्यंतच्या उशिराचं. खरं सांगायचं तर प्रश्नाचा हा दुसरा भाग वाचूनच मी लिहायला बसलो. याच विषयावरून नागोयात एका खोलीत राहणारी दोन मराठी माणसं तीन आठवडे एकमेकांशी धड बोलत नव्हती. त्यातला एक मी.

दुसरा सांगलीचा. दोघंही तिकडे सुट्या भागांच्या कारखान्यांत नोकरीला होतो. मी जुनी निसान सिल्व्हिया घेतली, एस१४, दोन लिटरच्या एसआर२०डीईटी टर्बो इंजिनाची. तिचा मूळ इंटरकूलर पुढच्या कोपऱ्यात, बंपरच्या आड, चाकाच्या पुढ्यात असतो. जेवणाच्या डब्याएवढा जीव. अर्धा बार बूस्टला, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला, ठीक, पण मला १ बार चालवायचा होता. उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा १ बारला दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पलीकडून हवा १३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. डबा तिला काय थंड करणार?

मी ऑनलाइन लिलावात वापरलेला मोठा इंटरकूलर घेतला, ६०० बाय ३०० मिलिमीटरचा, ७६ जाड. सांगलीकर म्हणाला, "समोर लावशील तर पाइप मीटरभर वाढेल. टर्बो आधी पाइप भरणार, मग इंजिन. पेडल दाबून चहा पिऊन ये." आणि वर, "रेडिएटरच्या तोंडावर गोधडी टाकतोयस."

चहाचं वाक्य मला झोंबलं, गोधडीचं मी ऐकूनच घेतलं नाही. ही चूक पुढे महागात पडली.

त्या रात्री किराणाच्या पावतीमागे हिशेब केला, तो अजून तोंडपाठ आहे. ६३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर पाइपात ३.१ लिटर हवा मावते. तिथे १ बार बूस्ट चढवायचा म्हणजे बाहेरची साधारण तेवढीच हवा जास्तीची कोंबायची. दोन लिटरचं इंजिन ४००० आरपीएमला बूस्ट नसतानाही सेकंदाला साठेक लिटर हवा ओढतं. म्हणजे मीटरभर पाइपाची किंमत किती? सेकंदाचा विसावा भाग. पावती त्याच्या उशीवर ठेवली. सकाळी त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "एका फेरीत पेडल वीस वेळा सुटतं. झाला एक सेकंद."

हजरजबाबी होता, हे मान्य. पण हिशेब लबाड. पेडल सुटल्यावर टर्बोचं चाक मंदावतं आणि पुन्हा वेग घेतं, त्यात कितीतरी जास्त वेळ जातो, आणि तो पाइप आखूड असला तरी जातोच. ज्याला लोक पाइपाचा लॅग म्हणतात तो निम्म्या वेळा सैल क्लॅम्पमधून होणारी गळती असते. पाइपाच्या टोकाला उंचवटा नसेल तर सिलिकॉनचा होज बूस्टखाली सटकतोच. जुनी मंडळी आतून हेअरस्प्रे मारून होज चढवतात. हसू नका, चिकटतो.

असो. ऑगस्टमध्ये, ओबोन या जपानी सणाच्या सुट्टीच्या सुमारास, गाडी नारा प्रांतातल्या मेइहान स्पोर्ट्सलँडला नेली. बंपरमागची लोखंडी पट्टी ग्राइंडरने कापली होती, पाइपाला आडवा येतो म्हणून इंजिनाखालचा पत्रा घरीच ठेवला होता, आणि बंपर झिपटायने शिवला होता. पहिल्या तीन फेऱ्या स्वर्ग. सांगलीकर कठड्याशी हाताची घडी घालून उभा. मी खिडकीतून त्याला हातवारे करून दाखवत होतो, बघ, कुठाय लॅग.

दुसऱ्या सत्रात तोच दोन्ही हात हलवत पळत आला. मला वाटलं हरल्याचं कबूल करतोय. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. डॅशबोर्डचा काटा तोवर मधोमध शांत बसलेला. सिल्व्हियाचा मूळ काटा असाच आहे, पाणी बरंच तापेपर्यंत जागचा हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलं. गाडी टो करून आणली. दोन तासांच्या रस्त्यात तो एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

उरलेल्या सुट्टीत कळलं ते असं. ड्रिफ्टमध्ये गाडी सरळ जात नाही, हे आपण सगळे जाणतो आणि वाऱ्याचा विचार करताना विसरतो. उजव्या वळणावर नाक आत, उजवीकडे वळलेलं असतं आणि गाडी डावीकडे वाहत असते. म्हणजे वारा डाव्या कोपऱ्यातून तिरका येतो. कोपऱ्यातल्या इंटरकूलरला एका बाजूच्या वळणावर भरपूर हवा आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर शून्य. समोरच्याला दोन्हीकडे निदान थोडी तरी मिळते. पण छोट्या ट्रॅकवर वेग ताशी ६०-८० किलोमीटर आणि इंजिन मात्र ६-७ हजारांवर ओरडतंय. त्यातून पुढच्या गाडीचा पाठलाग करत असाल तर मिळते ती तिच्या टायरच्या धुरातली गरम हवा. मग फेरी संपली की रांगेत उभं राहायचं. अशा जागी, समोरच्या इंटरकूलरने रेडिएटर झाकलेला असला की, आधी इंजिनाचं पाणी तापतं, बूस्टची हवा नंतर.

म्हणून जागा इंटरकूलरची नाही, रेडिएटरची बघून ठरवायची. मी इंटरकूलर समोरच ठेवला, पण शक्य तेवढा खाली सरकवला, म्हणजे रेडिएटरचा वरचा भाग उघडा राहिला. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि फटींत शंभर येनच्या दुकानातली दाराला लावायची स्पंजची पट्टी. वाऱ्याला पळवाट दिली तर तो जाळीतून कशाला जाईल? पंख्याभोवती पूर्ण आवरण, म्हणजे श्राउड. आणि खालचा पत्रा परत लावला. तो नसला की खालून हवा बोनेटखाली भरते आणि रेडिएटरमागची हवा बाहेर निघत नाही. पाण्याचा वेगळा गेजही लावला, जो आधीच लावायला हवा होता. सप्टेंबरमध्ये त्याच ट्रॅकवर पाणी ९८ अंशांच्या वर गेलं नाही.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. सुबारूसारखा इंजिनाच्या डोक्यावर: रांगेत उभं असताना तवा होतो, ड्रिफ्टसाठी नको. व्ही-माउंट, म्हणजे इंटरकूलर आणि रेडिएटर एकमेकांना तिरके: माझ्दा आरएक्स-७ मध्ये रोटरी इंजिन आखूड असल्याने जागा मिळते, तिथे सुंदर बसतो; इतरत्र पत्र्याचं काम येत असेल तरच हात घाला. मोठ्या स्पर्धांत कित्येक जण रेडिएटरच उचलून मागे डिकीत टाकतात आणि समोरची सगळी जागा मोकळी करतात. उत्तम उपाय, पण पाण्याचे पाइप, पंप, पंखे, सगळा खर्च आला. पाण्याने थंड होणारा इंटरकूलर चाळीस सेकंदांच्या फेरीला चांगला, मी स्वतः वापरलेला नाही.

आणि हो, वरचा हिशेब दोन लिटर आणि १ बारचा आहे. पाइप फार जाड घेतलात तर आकडा वाढेल, कारण आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं. इंटरकूलरची जाळी स्वतः दाब खाते, तिचा हिशेब मी धरलाच नव्हता. हे सांगलीकरानेच नंतर दाखवून दिलं. तो आता पुण्यात असतो, डिझेल गाडी चालवतो. लग्नाकार्यात भेटला की गोधडीची आठवण काढतो. काढू दे. गोधडीबद्दल तो बरोबर होता. लॅगबद्दल नव्हता, आणि ती पावती माझ्याकडे अजून आहे.

तुम्ही गाडी कोणती ते लिहिलं नाहीत. बंपर आणि रेडिएटरच्या मधलं अंतर टेपने मोजून कळवा, मग ठरवू.