गिटारच्या पाच पोझिशनच्या स्विचवर १ नंबर कुठून मोजायचा?

ब्रिजकडून, म्हणजे तारा गिटारच्या धडावर जिथे टेकतात त्या बाजूकडून. तुमच्या क्लासचे सर नेककडून, म्हणजे गळ्याकडून, मोजायला लावतात आणि व्हिडिओत उलटं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. सर चुकतायत. स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटार बनवणारी फेंडर कंपनीच १ म्हणजे ब्रिजचा पिकअप (तारांखालचं, त्यांचा कंप पकडणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं), ३ म्हणजे मधला, ५ म्हणजे नेकचा असं धरते. २ आणि ४ वर शेजारशेजारचे दोन पिकअप मिळून वाजतात.

या आकड्यांपायी माझ्या डोळ्यांसमोर एक प्रवेश नासला आहे. मी वडसा भागातला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो. धान कापताना विळा लागून डाव्या हाताचं बोट चिरलं, म्हणून त्या रात्री शेजारच्या गावचे एक दादा माझ्या जागी बसले. गिटार माझीच. बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर लिहून दिलं होतं: "लावणी २, मारामारी १, आई मरते तिथे ५."

रात्रीचे दोन वाजले असतील. बाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन अगदी हळू आवाजात बोलत होती. तिथे गिटार गोल, दबकी हवी. दादांनी पहिली तार छेडली आणि टिनाच्या डब्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. मागे पोरं हसली. बाईने बोलता बोलता एकदा खाली वाद्यांकडे पाहिलं, ती नजर मी विसरलो नाही.

सकाळी दादा म्हणाले, "तूनंच तं पाच लिवलं गा! फ्रेट गळ्याकडून मोजतेत, मंग स्विच काहून नाही?"

फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो. तारा कुठून मोजतो आपण? सगळ्यात बारीक तार पहिली, जाड सहावी. स्विचचंही तसंच लक्षात ठेवा: बारीक, टोकदार आवाज ब्रिजचा, तो एक. भरीव आवाज नेकचा, तो पाच.

२ आणि ४ चं म्हणाल तर १९५४ च्या स्ट्रॅटवर तीनच खटके होते. वाजवणारे दांडी दोन खटक्यांच्या मधे अडकवून तो आवाज काढायचे. पाच खटक्यांचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये दिला. जनरेटर आणि मंडपातल्या लाइटांमुळे गिटार गुणगुणते, तेव्हा मी २ किंवा ४ वरच राहतो, गुणगुण पार कमी होते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल तरच हं, जुन्या बनावटीत तसा नसतो.

सरांशी वाद घालायचा असेल तर अ‍ॅम्पचा आवाज बारीक ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेका पिकअपला हलकेच टकटक करा. ज्यावर ठक्क आवाज येतो तो चालू. लेस पॉलसारख्या तीन खटक्यांच्या गिटारवर मात्र आकडे लावूच नका. तिथे ऱ्हिदम म्हणजे नेक आणि ट्रेबल म्हणजे ब्रिज.

आता चिठ्ठीवर मी आकड्याशेजारी 'नेक', 'ब्रिज' असंही लिहितो. पण दादा, हे वाचत असाल तर त्या रात्रीचं पाच नेकचंच होतं.